कळमन्याहून गुरुकुंजाला: खर्च किती, रीत काय

कोजागिरी उलटली की कळमना मार्केटात दोन मालांची गर्दी असते, नव्या सोयाबीनची आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांची. त्याच आठवड्यात हमाल, अडत्यांकडचे दिवाणजी, वरुड-मोर्शीकडून गाडी भरून आलेले शेतकरी यांच्यात आणखी एक बोलणं चालू असतं: पंचमीला मोझरीला कोण कोण निघणार? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी अश्विन वद्य पंचमीला असते. कोजागिरीपासून पाच दिवस मोजले की तिथी सापडते. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, म्हणून रजा टाकण्याआधी पंचांग बघा.

दरवर्षी जाणाऱ्याला काही सांगायला नको. हे लिहिलं आहे ते कळमना, पारडी, भरतवाडा, डिप्टी सिग्नल या भागातल्या पहिल्यांदा निघणाऱ्या घरांसाठी. त्यांचे प्रश्न साधे असतात. किती लागतील? रात्री परतता येईल का? म्हाताऱ्या आईला नेलं तर? आपण महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे नाही, मग गेलेलं चालेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालेल. जात, धर्म, मंडळाचं सभासदत्व कोणी विचारत नाही. महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला तो याच पायावर.

या उत्सवाला पैसा फार लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तोच वाचवायला गेलं की सगळं बिघडतं. महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी गेले. पंचमीला बरोबर त्या मिनिटाला गुरुकुंजात मौन श्रद्धांजली होते. लाखोंचा समुदाय, आणि आवाज नाही. त्या वेळी तुम्ही पार्किंगमध्ये जागा शोधत असाल किंवा चपला कुठं काढायच्या ते विचारत असाल, तर पाचशे रुपये आणि एक दिवस घालवून तुम्ही फक्त गर्दी पाहिली. म्हणून खाली जो हिशेब दिला आहे तो दुपारी एकपर्यंत पोचायचं असं धरूनच.

जाण्यायेण्याचा हिशेब

मोझरी अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गालगत आहे. नागपूरपासून अंतर साधारण 120 किलोमीटर. कळमनेकरांची अडचण अशी की आपण शहराच्या पूर्व टोकाला आणि अमरावतीचा रस्ता पश्चिम टोकाला. वाडी ओलांडेपर्यंतच तासभर जातो.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात बरा मार्ग एसटीचा. घरून गणेशपेठ बसस्थानकापर्यंत शेअर ऑटो किंवा आपली बस, माणशी वीस ते चाळीस रुपये. प्रजापतीनगर स्टेशन जवळ पडत असेल तर मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत या आणि तिथून पुढं जा. गणेशपेठहून अमरावतीकडे जाणाऱ्या गाडीत बसा, पण बसण्याआधी वाहकाला विचारा की गाडी मोझरीला थांबते का. काही गाड्या थेट असतात आणि तिकीट अमरावतीचंच फाडतात.

जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या आणि जलद गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागं दहा रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे मोझरीपर्यंत दोनशेच्या आसपास. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, 17 मार्च 2023 पासून, तेव्हा त्यांचे शंभरच्या घरात. 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. त्यासाठी वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र जवळ हवं. आधार कार्ड घरी राहिलं म्हणून आजोबांचं पूर्ण तिकीट काढावं लागतं, हे दर यात्रेत कुणाच्या ना कुणाच्या नशिबी येतंच. पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट नाही, त्यापुढं बारापर्यंत अर्धं.

परतीचा प्रश्न वेगळा आहे आणि बहुतेकांचा हिशेब तिथंच चुकतो. मौन संपलं की सगळा समुदाय एकदम रस्त्याकडं निघतो. अमरावतीहून येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. सहा ते आठ या वेळात धक्काबुक्की करून चढण्यापेक्षा सायंप्रार्थनेला बसा, जेवण करा, मग निघा. मात्र असं केलं तर गणेशपेठला पोचायला अकरा वाजतात. त्या वेळी मेट्रो मिळत नाही, शेअर ऑटोही मिळत नाही. पूर्ण ऑटो करून कळमन्याला यायचे दोनशे ते अडीचशे रुपये वेगळे ठेवा. चौघं एकत्र असाल तर हा खर्च वाटला जातो. एकट्यानं जायचं असेल तर मात्र हा ऑटो एसटीच्या तिकिटापेक्षा महाग पडतो, हे आधीच धरून चला.

आता एकत्र मांडून बघा. एकटा पुरुष, एसटीनं, त्याच दिवशी परत: एसटीचे जाऊनयेऊन चारशे, सकाळचा ऑटो तीस-चाळीस, रात्रीचा दोनशेवर, चहा-नाश्त्याला ऐंशी-शंभर. सातशे ते साडेसातशे रुपये. एकट्या बाईचे पाचशेच्या आसपास. चौघांचं कुटुंब, त्यात एक पुरुष, दोन बाया आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी असतील, तर एसटीचे सगळे मिळून आठशे, बाकी सगळं धरून दीड हजारात भागतं.

स्वतःची कार असेल तर जाऊनयेऊन 270 किलोमीटर धरा. लिटरला पंधराचा अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला अठरा लिटर पेट्रोल, म्हणजे एकोणीसशेच्या आसपास. गोंडखैरी आणि कारंजा घाडगे असे दोन टोलनाके लागतात. फास्टॅगमध्ये चारशे-पाचशे शिल्लक ठेवून निघा. चोवीस तासांत परत येणार असाल तर परतीच्या फेरीला सवलत मिळते. खासगी कारला राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक पासही निघतो (15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांचा), पण एका यात्रेसाठी तो घेण्यात अर्थ नाही. पाच जणांत वाटला तर कारचा खर्च एसटीएवढाच येतो, फक्त गाडी दूर लावून पायी यायची तयारी हवी. भाड्याची सात सीटर गाडी केली तर किलोमीटरचा दर, चालकाचा भत्ता, टोल कुणाकडं आणि रात्री थांबलं तर काय, या चारही गोष्टी निघण्याआधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. साडेचार ते पाच हजार हा सर्वसाधारण आकडा. सात जणांत माणशी सातशेच्या आसपास.

एक मार्ग मी मुद्दाम सांगतो, तो टाळावा म्हणून. संत्र्याच्या गाड्या रात्री कळमन्यात रिकाम्या होतात आणि पहाटे तिवसा, वरुड, मोर्शीकडं परततात. ओळखीचा ड्रायव्हर असला की दहा-पंधरा जण मागच्या हौद्यात बसून फुकटात निघतात. कॅरेटवर कॅरेट रचलेले, त्याला टेकून माणसं बसलेली, आणि गाडी कोंढाळीच्या घाटवळणांवरून चाललेली. मालवाहू गाडीत प्रवासी नेणं कायद्याला धरून नाही, आणि अपघात झाला तर अशा प्रवाशाच्या घरच्यांना विम्याची भरपाई मिळवताना फार जड जातं. दोनशे रुपयांसाठी हा धोका पत्करू नका. ड्रायव्हरलाही भरीस पाडू नका, त्याचाच परवाना जातो.

आणि रोजंदारीवर असणाऱ्यांनी सगळ्यात मोठा खर्च विसरू नये: बुडालेली हजेरी. आवक ऐन भरात असते, त्या दिवशी हमालाची कमाई इतर दिवसांपेक्षा जास्त होऊ शकते. तेवढी रक्कम प्रवासखर्चात मिळवा, मग ठरवा. टोळीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी न जाता काहींनी सप्ताहातल्या आधीच्या दिवशी जाऊन यावं, असंही करता येतं. उत्सव पंचमीच्या काही दिवस आधीच सुरू होतो. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, दिवसभर कीर्तन आणि खंजिरी भजन असा क्रम असतो. आधीचे दिवस गर्दीला हलके असतात. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान लेकरांना घेऊन जायला तेच चांगले.

राहणं, जेवण

रात्री थांबायचं असेल तर लॉजचा विचार सोडा. उत्सवात मोझरी-तिवसा परिसरात जागा मिळणं कठीण, अमरावती तीस-पस्तीस किलोमीटर पुढं, आणि तिथं साधी खोली हजाराच्या आसपास पडते. गावोगावच्या पालख्यांबरोबर पायी आलेली माणसं मंडपात, झाडाखाली, मिळेल तिथं अंथरूण टाकतात. तुम्हीही तसंच करा. सतरंजी, जाड चादर, पाण्याची बाटली, बॅटरी, औषधं, आणि चपलांसाठी एक कापडी पिशवी. ही पिशवी नक्की न्या. एवढ्या समुदायात जोडा हरवणं नेहमीचं आहे, आणि नवी चप्पल हा सहज टाळता येणारा दीड-दोनशेचा खर्च आहे. दागिने घरी. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

महाप्रसादाचे पैसे पडत नाहीत. इथं मात्र थोडं थांबून सांगायला हवं. फुकट आहे म्हणून पंगतीत बसून ताट भरून घ्यायचं आणि अर्धं टाकायचं, यासारखा दुसरा अपमान नाही. ज्यानं वाढलं तोही कुठून तरी पायी आलेला असतो. लागेल तेवढंच घ्या, ताट रिकामं करा, आणि उठल्यावर हात धुऊन लगेच निघून जाण्याऐवजी अर्धा तास मागं थांबा. स्वयंसेवकाला विचारा, ‘दादा, काय करू?’ पाणी वाढायचं, पत्रावळ्या उचलायच्या, सतरंज्या झटकायच्या, कामं भरपूर असतात. या ठिकाणी श्रमदानाचं मोल देणगीपेक्षा कमी नाही.

बाहेर दुकानांवर चहा, पोहे, आलूबोंडा मिळतो, नागपूरपेक्षा थोडे महाग. घरून भाकर-चटणी नेली तर उत्तमच.

देणगी द्यायची तर

सक्ती कशाचीही नाही. हार, नारळ, शाल यांवर खर्च करावाच असं नाही. समाधीपुढं हात जोडले, पुरे झालं. पैशांनी द्यायचं असेल तर देणगी काउंटरवर द्या आणि पावती घ्या, रक्कम अकरा रुपये असो की अकराशे. रस्त्यात पावतीपुस्तक घेऊन उभ्या असणाऱ्याला ‘आत देतो’ एवढंच नम्रपणे सांगा.

कळमन्याहून जाणाऱ्याला मात्र एक गोष्ट जमते जी दुसऱ्यांना सहज जमत नाही: ठोक भावात धान्य-भाजी घेऊन ती महाप्रसादासाठी देणं. बटाट्याचा पन्नास किलोचा कट्टा, कांद्याची गोणी, तुरीची डाळ, तांदूळ. भाव हंगामाप्रमाणे वरखाली होतो, तरी बटाट्याचा एक कट्टा साधारण हजाराच्या आसपास बसतो. दहा जणांनी शंभर-शंभर काढले की झालं. पण तीन पथ्यं पाळा. आधी आपल्या भागातल्या सेवा मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारा, काय हवं आणि कुठल्या दिवशी. सगळ्यांनी बटाटेच आणले तर स्वयंपाकघरात त्यांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. दुसरं, आवक संपताना उरलेला डागी माल कमी भावात उचलून देवाच्या नावानं देऊ नका. गोणी उघडून पाहा, वरचा थर चांगला आणि खाली कोंब फुटलेले, असं नको. आपल्या घरच्या लग्नात जो माल चालेल तोच. तिसरं, गोणीवर स्वतःचं किंवा दुकानाचं नाव रंगवून पाठवायचा मोह आवरा.

वागायची रीत

कपडे साधे, अंग झाकणारे, बसता-उठता येईल असे. सेवा मंडळाची माणसं भगवी टोपी घालतात. ती घातली नाही म्हणून कोणी टोकत नाही, आणि केवळ फोटोसाठी ती घालू नये. भेटणारा ‘जय गुरुदेव’ म्हणतो, तुम्हीही म्हणा.

प्रार्थनेच्या वेळी इथं कुठल्या एका देवाची मूर्ती पुढं मांडलेली नसते. अधिष्ठान असतं, आणि सगळे ओळीत बसतात. ओळीला महत्त्व आहे. स्वयंसेवक दाखवतील तिथं बसा, पुढं ओळखीचा दिसला म्हणून माणसं ओलांडत जाऊ नका. प्रार्थना येत नसेल तर ओठ हलवायची गरज नाही, शांत बसलेलं चालतं. मुस्लीम, ख्रिस्ती, बौद्ध मित्रांना निःसंकोच बरोबर घ्या. मौनानंतर वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात, आणि त्यांतली आपल्या ओळखीची प्रार्थना कानावर पडली की पाहुणा पाहुणा राहत नाही.

फोनबद्दल स्पष्टच सांगतो. सव्वाचारला बंद करा. सायलेंटवर नको, बंद. मौनात एखादा फोन थरथरला तरी दहा ओळींना ऐकू जातो. व्हिडिओ काढायला हात वर धरून उभं राहिलेल्या माणसामागं जी म्हातारी डोळे मिटून बसली आहे, ती कदाचित पाच दिवस चालून आलेली असते. आजूबाजूच्यांचे, विशेषतः बायांचे, चेहरे न विचारता टिपणं तर नकोच. लहान मूल रडायला लागेल अशी शंका असेल तर कडेला बसा, म्हणजे उठून बाहेर जाता येतं. कोणी रागावत नाही.

खर्रा घरी ठेवा. हे आपल्या भागात मुद्दाम सांगावं लागतं. व्यसनाविरुद्ध महाराज आयुष्यभर खंजिरी वाजवत गावोगाव फिरले. त्यांच्या समाधीच्या आवारात पुडी मळणं आणि कोपऱ्यात पिचकारी मारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना नाकारणं. दिवसाला तीन-चार पुड्या लागणाऱ्यानं तो एक दिवस टाळला तर चहा-नाश्त्याचे पैसे तिथंच निघतात.

संताच्या दिवशी गावात जायची रीत आपल्याकडेच आहे असं नाही. ग्रीसमध्ये गावोगाव संताच्या नावानं ‘पानिगिरी’ भरते. 15 ऑगस्टला तिनोस बेटावर मेरीच्या दर्शनाला हजारो लोक येतात, काही जण बंदरापासून चर्चपर्यंतचा चढ गुडघ्यांवर चढतात. तिथंही पाहुण्याकडून अपेक्षा ओळखीच्याच: खांदे-गुडघे झाकलेले, एक मेणबत्ती लावून पेटीत नाणं, पूजा चालू असताना कॅमेरा बंद, आणि गावानं पुढं केलेलं अन्न नाकारायचं नाही. त्यांच्या गावांत रात्री वाद्यं वाजतात, फेर धरून नाच होतो. गुरुकुंजात भजनानं भारलेला दिवस एका मिनिटाला येऊन थांबतो. दोन्हीकडं यजमान गावच असतो आणि आपण त्याच्या घरी आलेले असतो.

महाराजांनी ग्रामगीतेत ‘यात्रा-मेळे’ नावाचा एक पूर्ण अध्याय लिहिला आहे. जत्रा निव्वळ चैनीची आणि उधळपट्टीची न राहता गावानं काही शिकून परतायची जागा व्हावी, असा त्याचा रोख. निघण्याआधीच्या रात्री घरात तो मोठ्यानं वाचून काढा. ग्रामगीता घरी नसेल तर गुरुकुंजाच्या ग्रंथविक्री केंद्रावर छापील किमतीला घ्या. त्या दिवशी काही विकत घ्यायचंच असेल तर माझा कौल या पुस्तकाला. मुलांना हवी असेल तर एक छोटी खंजिरीही घ्या, पण ती वाजवायला शिकवणारं कोणी तरी शोधून द्या.

वेळ हाताशी असेल तर सकाळी पोचून आश्रमाजवळच्या दासटेकडीवर जाऊन या. ऊन चढायच्या आत जा, पाणी बरोबर ठेवा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालीच बसून भजन ऐकलेलं बरं, कारण दुपारनंतर तीन-चार तास जमिनीवर बसायचं आहे. बैठक न जमणाऱ्या आई-वडिलांसाठी घडीची छोटी खुर्ची न्यायला हरकत नाही, फक्त ती कडेच्या ओळीत ठेवा म्हणजे मागच्यांना आडवी येत नाही. मधुमेह असेल त्यांच्या खिशात फुटाणे आणि गूळ द्या. पंगत लांबते.

उत्सवाची सांगता गोपालकाल्यानं होते. त्याला थांबता आलं तर गर्दी ओसरलेली मिळते, आणि सकाळच्या एसटीत बसायला जागाही मिळते. रात्रीचा तो अडीचशेचा ऑटोही वाचतो. माझ्या मते कळमन्याहून जाणाऱ्याला एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी परतणंच स्वस्त आणि सोयीचं आहे. फक्त दुसऱ्या दिवसाची हजेरी बुडते.

आणि ज्यांना काही केल्या निघता येत नाही, घरी आजारी माणूस आहे किंवा लिलावाच्या वेळी यार्ड सोडता येत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पंचमीला 4 वाजून 58 मिनिटांनी विदर्भातल्या गावागावांत, नागपूरच्या वस्त्यांतही, सेवा मंडळं मौन पाळतात. आपल्या वस्तीत कुठं कार्यक्रम आहे ते दोन दिवस आधी विचारून ठेवा. त्याला भाडं नाही, टोल नाही. एक सतरंजी घेऊन साडेचारला जा, आणि आधी गेलात तर झाडू हातात घ्या, मंडपाची जागा कोणाला तरी झाडावी लागतेच.